लंकेवरची आंबील

गोदेच्या काठी, वरच्या अंगाला, गव्हाणटाकळी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात येसोबा महाराज राहत असत. महाराजांचा मठ म्हणजे काय, तर कुडाची एक खोपी, एक भलीमोठी चूल आणि समोर पंगतीपुरतं सारवलेलं अंगण. महाराज प्रवचन करत नसत. कुणी ज्ञान सांगा म्हणून हटूनच बसला, तर म्हणत, "आधी जेवून घे बाबा. भुकेल्याला मी देवाचं सांगितलं, तरी त्याला भाकरीच दिसणार."

महाराजांपाशी शिकलेसवरलेले शिष्य पुष्कळ होते. कुणाचं पाठांतर दांडगं, कुणाचा गळा गोड. आणि एक होता लिंबाजी. बावीस वर्षांचा, घोंगड्या विणणाऱ्या सनगराचा मुलगा. त्याला अभंग म्हणायला सांगावा, तर दुसऱ्या चरणाला पहिलाच चरण परत यायचा! पण हातात ओगराळं घेऊन पंगतीत उभा राहिला, की बघत राहावं. कोण लाजतंय, कोण दोन दिवसांचं उपाशी आहे, हे त्याला न सांगता कळायचं.

एकदा खालच्या मुलखातला, जिथे गोदा समुद्राला मिळते त्या तेलगू देशातला, एक आजारी यात्रेकरू मठात आला. महिनाभर राहून बरा झाला. निघताना म्हणाला, "महाराज, आमच्याकडे नावेच्या घाटावर माणसं दिवस दिवस उपाशी ताटकळतात. विचारणारं कुणी नाही. तुमचा एखादा माणूस द्या."

सगळ्यांना वाटलं, महाराज एखादा विद्वान शिष्य पाठवणार. महाराजांनी हाक मारली ती लिंबाजीला! अंगणात हशा पिकला. त्यात त्या यात्रेकरूच्या गावाचं नाव चिन्नलंका. तिकडे नदीतल्या बेटाला लंकाच म्हणतात. मग काय विचारता! "लिंबाजी लंकेला निघाला हो," म्हणून गावानं त्याला चिडवून चिडवून हैराण केलं.

लिंबाजी रडकुंडीला आला. "महाराज, मला तिकडची बोली येत नाही. माझी मराठीच धड नाही."

महाराज म्हणाले, "तुला काय कीर्तन करायचंय लेका? वाढायचंय. जा. आणि एकटं वाटलं तर नदीत हात घाल. मी इथे वरच्या अंगाला आहेच."

लिंबाजी काठाकाठानं दोन महिने चालला आणि चिन्नलंकेला पोहोचला. बेटाच्या मधोमध एक टेकाड होतं. त्यावर लोकांनी त्याला झोपडी घालून दिली. रोज पहाटे तो नदीवर जायचा, अंघोळ करायचा आणि पाण्यात हात घालून "महाराज, आलो हं," म्हणायचा. मग जात्यावर नाचणी दळायची, ताक मागून आणायचं, हंडाभर आंबील रटरटत ठेवायची. आंबिलीला तिकडे अंबलि म्हणतात, हे ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवशी त्याला केवढा आनंद झाला! परमुलखात घरचं माणूस भेटावं, तसं त्याला झालं. 'रा, कूर्चो, तागु', म्हणजे 'ये, बस, पी', एवढं तेलगू तो शिकला आणि तेवढ्यावर त्याचं निभलं. नावाडी, कोळी, ओझी वाहणारे, बाळंतिणी, सगळे करवंट्या घेऊन येत.

एक गोष्ट मात्र त्याला उमगेना. करवंटी अर्धी झाली की माणसं म्हणत, "चालु, चालु!"

आता मराठी माणसानं 'चालू' ऐकलं तर तो काय करणार? लिंबाजी वाढतच राहायचा. करवंटी काठोकाठ भरायची. माणसं आणखी जोरात "चालु!" म्हणायची, आणि हा आणखी जोरात ओतायचा! लोकांना वाटे, याच्या देशात पाहुण्याचं ऐकायचं नाही अशीच रीत असेल. ती हसून पिऊन टाकत. लिंबाजीनं एका बैराग्याकडून महाराजांना निरोपही धाडला, "इकडची माणसं फार मोकळी आहेत. चालू, चालू म्हणून मागून घेतात." महाराजांचा उलट निरोप आला, "मागतात तर वाढ. हात आखडू नको." असं वर्ष गेलं.

घाटावर सूरन्ना नावाचा दुभाषी होता. कचेरीत, बाजारात, जहाजांवर जिथे दोन मुलखांची माणसं एकमेकांसमोर अडायची, तिथे सूरन्नाला बोलावणं जायचं. पाच भाषा त्याच्या जिभेवर नाचत. त्याची मराठी लिंबाजीपेक्षा शुद्ध. 'चालु' म्हणजे 'पुरे' हे तो लिंबाजीला पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. पण सांगितलं नाही. उलट परगावचे पाहुणे आले, की त्यांना टेकाडावर घेऊन यायचा आणि दुरून तमाशा दाखवायचा.

एका दुपारी असेच चार व्यापारी घेऊन तो आला. त्यांना मजा दाखवायला स्वतःच करवंटी घेऊन पंगतीत बसला आणि डोळा मारून म्हणाला, "चालु!" लिंबाजीनं ओतलं. "चालु, चालु!" लिंबाजीनं आणखी ओतलं. कढत आंबील सूरन्नाच्या हातावर, जरीकाठी उपरण्यावर, मांडीवर सांडली. व्यापारी पोट धरून हसू लागले. हसू आपल्यावरच उलटलं हे पाहून सूरन्ना ताडकन उठला.

"गाढवा! 'चालु' म्हणजे 'पुरे'! वर्षभर लोक तुला 'पुरे, पुरे' म्हणतायत आणि तू ओततोयस! परमेश्वराचं काम करायला आलेत म्हणे! भाषेचा एक शब्द कळत नाही, तो लोकांना काय तारणार? चंबूगबाळं आवर आणि आपल्या मुलखाला जा."

लिंबाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरातला एकेक चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. नको नको म्हणणाऱ्या माणसांना आपण बळेच पाजत होतो, आणि ती बिचारी ऐकून घेत होती! त्यानं हंडा पालथा घातला, घोंगडी गुंडाळली आणि नदीवर गेला. "महाराज," तो पाण्याला म्हणाला, "तुमचा माणूस चुकला. उद्याच्या नावेनं मी निघतो."

पण उद्याची नाव सुटलीच नाही. वरच्या मुलखात कुठे मुसळधार पाऊस कोसळला होता देव जाणे, पण सकाळी गोदेला लोंढा आला. तांबड्या पाण्यानं घाट गिळला, नावा नेल्या, घरांच्या भिंती विरघळवल्या. बेटावरची तीनशे-सव्वातीनशे माणसं लेकराबाळांसह टेकाडावर चढली. सूरन्नाही आला, चिंब भिजलेला, अनवाणी. आणि त्या टेकाडावर खायचं म्हणाल, तर लिंबाजीच्या मातीच्या डेऱ्यातलं पायलीभर नाचणीचं पीठ.

लिंबाजीनं गुंडाळलेली घोंगडी एका बाळंतिणीच्या अंगावर टाकली, हंडा सुलटा केला आणि आंबील रांधली. तेवढ्यात पावसाची सर आली आणि चूल जागच्या जागी विझली. पुन्हा पेटवायला कोरडं लाकूड नाही की आत घालायला पीठ नाही. काय होतं ते त्या एका हंड्यात.

सूरन्ना पुढे झाला. खरं सांगायचं तर त्या वेळी तो चुकीचं काहीच बोलला नाही. "ऐक. एकेकाला अर्धं ओगराळं, पोरांना आधी. पूर किती दिवस राहील कुणाला ठाऊक? आणि आता तरी तो शब्द कळलाय ना तुला? 'चालु' म्हटलं की थांबायचं."

"व्हय," लिंबाजी मान खाली घालून म्हणाला.

पंगत बसली. पहिलीच होती अच्चम्मा नावाची म्हातारी कोळीण. ही रोज दोन करवंट्या रिचवणारी! लिंबाजीनं ओगराळं कलतं केलं मात्र, पळीभर पडली असेल नसेल, तोच तिनं करवंटीवर हात ठेवला. "चालु." आणि मागच्या लेकरांकडे बोट दाखवलं. तिच्या शेजारचा नावाडी, "चालु." त्याच्या पुढची बाळंतीण, "चालु." ज्यांच्या पोटात कालपासून कण नव्हता, ती माणसं एकमेकांसाठी 'पुरे' म्हणत होती!

लिंबाजीचा हात थांबला. शब्द आता त्याला कळत होता. थांबणं शहाणपणाचं होतं, हेही कळत होतं. पण अच्चम्माकडे त्यानं पाहिलं, तर 'चालु' म्हणताना म्हातारी कोरडा आवंढा गिळत होती. हे कसलं पुरे? हंड्यात डोकावलो, तर आपला हात आखडेल, हे त्यानं ओळखलं. "महाराज," तो मनात म्हणाला, "आता मी हंड्यात बघणार नाही. मागे विझलेल्या चुलीकडेही वळणार नाही. फक्त पानावरच्या माणसाकडे बघीन. पुढचं तुम्ही बघा."

त्यानं अच्चम्माचा हात हलकेच बाजूला केला. "आई, तुझा शब्द मला कळला गं. पण पी तू." आणि करवंटी काठोकाठ भरली.

"अरे मूर्खा!" सूरन्ना ओरडला. "मारशील सगळ्यांना!"

लिंबाजीनं ऐकलं नाही. तो वाढत राहिला. दुसरी करवंटी, दहावी, साठावी. हंडा रिकामा होईना! ओगराळं आत जाई आणि भरून वर येई, वाफाळत! पंगत उठली, दुसरी बसली. दिवस गेला. दुसरा दिवस उजाडला. पाणी टेकाडाच्या कमरेला लागलेलं, आणि वर तीनशे माणसं गरम आंबील पितायत! अहाहा, काय त्या गुरुमाऊलीचं कौतुक सांगावं! लिंबाजीनं तीन दिवस ना हंड्यात पाहिलं, ना मागे वळून चुलीकडे.

तिसऱ्या दुपारी पाणी उतरलं. पलीकडच्या तीरावरून नावा निघालेल्या दिसल्या. माणसं रडत, हसत काठाकडे धावली. टेकाडावर राहिले लिंबाजी आणि सूरन्ना. लिंबाजी मटकन खाली बसला. सूरन्ना जवळ आला. आवाज थोडा उतरला होता, पण ताठा पुरता गेला नव्हता.

"हट्टी आहेस. बरं झालं तुझा तो म्हातारा मदतीला होता म्हणून. धान्य कुठून आणलं रे त्यानं?"

"कोणता म्हातारा?"

"कोणता काय? चुलीपाशी बसलेला. तीन दिवस जाळ घालत होता, तुझ्या हंड्यात ओतत होता."

लिंबाजी गोंधळला. "सूरन्ना, चूल तर पहिल्या दिवशीच विझली."

दोघांनी वळून पाहिलं. चुलीत पाणी साचलं होतं आणि राखेचा चिखल झाला होता. सूरन्नाचा चेहरा उतरला. "असं कसं? मी बोललो त्याच्याशी. त्याला म्हटलं, त्या पोराला आवर, लोक चालु म्हणतायत. तर हसला. इतकं गोड तेलगू मी माझ्या आजीनंतर ऐकलं नव्हतं. म्हणाला, 'तोंड चालु म्हणतंय बाबा, पोट कुठे म्हणतंय?' मी चिडलो. म्हटलं, मला भाषा शिकवू नकोस, सरक बाजूला, मला कपडे वाळवायचेत. तो सरकला. मी तिथंच बसून कपडे वाळवले लिंबाजी! हे बघ, उपरणं कोरडं आहे!"

"कसे होते दिसायला?" लिंबाजीनं विचारलं.

"साधाच. वाळका. गुडघ्यापर्यंत पंचा. एकच विचित्र वाटलं. लाकूड चुलीत सारायच्या आधी दर वेळी त्या लाकडाला हात जोडायचा."

लिंबाजीच्या हातून ओगराळं गळून पडलं. गव्हाणटाकळीत एकच माणूस असा होता, जो जळणाऱ्या लाकडाची आधी क्षमा मागायचा.

"महाराज!" त्यानं चिखलातच चुलीपुढे लोटांगण घातलं. उठला, तो डोळ्यांतून धारा. "सूरन्ना, तुम्ही भाग्याचे! तुम्हाला दिसले! बोलले तुमच्याशी! मी करंटा तीन दिवस पाठ करून उभा राहिलो. सांगा ना, तब्येत कशी होती त्यांची? खोकत नव्हते ना? पाय सुजलेले नव्हते ना?"



"आणि जेवले का ते?" लिंबाजीनं त्याचे दोन्ही हात धरले. "ते सगळ्यांच्या मागून जेवतात. कुणी विचारल्याशिवाय घेतच नाहीत. तुम्ही तिथंच बसला होता ना? विचारलंत का त्यांना?"

तीन दिवस! तीन दिवस त्या म्हाताऱ्याच्या शेकोटीला बसून सूरन्नानं करवंट्यांमागून करवंट्या रिचवल्या होत्या. पाच भाषा येत होत्या त्याला. पण 'तू जेवलास का' एवढं त्यानं एकीतही विचारलं नव्हतं. तो राखेच्या चिखलात, जिथे महाराज बसले होते तिथे, कपाळ टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "लिंबाजी, नाही रे विचारलं मी."

लिंबाजीनं त्याला उठवायला हात पुढे केला, तर सूरन्नानं त्याचेच पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.