वॉकओव्हर

“तुझ्या इंग्रजीत वॉकओव्हर म्हणजे काय रे?” घोडीच्या पाठीवर खरारा फिरवत कासमचाचांनी विचारलं.

नीळकंठ गद्रे हसला. तो कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ विनायक याच तबेल्यात चाचांच्या हाताखाली घोड्यावर बसायला शिकले होते. पुढे वडिलांच्या बंगल्याच्या वाटणीवरून दोघे कोर्टात गेले. अकरा वर्षं बोलले नाहीत.

दिवाळीनंतर विनायक गेला. झोपेतच. मागे ना बायको, ना मूल. काल खटला निकाली निघाला.

“न लढता जिंकणं, चाचा. समोरचा मैदानात उतरलाच नाही की म्हणतात तसं. खेळातला शब्द आहे, पण इंग्रजीत आता कुठेही चालतो. वकीलही म्हणाला, वॉकओव्हर मिळाला तुम्हाला.”

त्यानं पेढ्यांचा पुडा पुढे केला. पेढे द्यायला त्याला दुसरं कुणी आठवलं नव्हतं.

चाचांनी पुडा घेतला नाही.

“मलाही मिळाला होता एकदा,” ते म्हणाले. तरुणपणी ते जॉकी होते. “शर्यतीत माझी घोडी आणि अजून एक घोडा, एवढेच उरले होते. सकाळी दुसऱ्याचा पाय मोडला.”

“म्हणजे कप बसल्या जागी मिळाला.”

“छे. खोगीर घालायचं. वजन करून घ्यायचं. सुरुवातीच्या खांबापाशी जायचं. आणि चक्कर पुरी करायची… एकट्यानं. त्याशिवाय कप नाही. त्यावरूनच पडलं ते नाव.”

नीळकंठला हे ठाऊक नव्हतं. हा शब्द त्यानं वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला होता.

“मग घोडी पळवलीत?”

“कुणापुढे? चालवत नेली,” चाचा म्हणाले. “ती सारखी मान वळवून बाजूला बघायची.”

नीळकंठनं पुडा गवताच्या भाऱ्यावर ठेवला. विनायक कायम मागे राहायचा. लगाम दोन्ही मुठींत आवळून ओरडायचा, “दादा, थांब ना.” एकदाही नीळकंठनं घोडा आवरला नव्हता.

मग नीळकंठनं विचारलं,

“केवढी होती… चक्कर?”

चाचांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“माझी मैदानाएवढीच होती. तुझं वय काय आता?”