प्रसादाचं वजन

मांजरगावचे संस्थानिक फत्तेसिंहराव पथ्याला लागले आणि सुरुवातीला वजन चांगलं उतरलं. पुढे मात्र ते हट्टी गाढवासारखं अडलं, ते महिनोन्‌महिने जागचं हललंच नाही.

"दसऱ्याला मला घोड्यावर बसून मिरवायचंय, आणि मी बसलो की घोडा कण्हतो!" भर दरबारात ते राजवैद्य नारोपंतांवर कडाडले. "वजन उतरवा, नाहीतर गाव सोडा!"

नारोपंतांनी विचारलं, "सरकार, पथ्याबाहेर काही पोटात जातं का?"

"एक शीतही नाही! देवळादेवळांतून येतो तेवढा प्रसाद घेतो. प्रसादाला नाही म्हणू नये, आणि प्रसाद काही मोजायचा नसतो." एवढं बोलून सरकारांनी, प्रसाद घेऊन दरबारात आलेल्या पुजाऱ्याच्या ताटातला पेढा तोंडात टाकला.

नारोपंतांनी हात जोडले. "मग काळजीच मिटली. सरकार केव्हाच सडपातळ झालेत. अंगावर जे दिसतंय, तो नुसता प्रसाद आहे. तो मी वजनात कसा धरू?"

दरबाऱ्यांनी माना खाली घालून हसू दाबलं. दुसऱ्या पेढ्याकडे गेलेला सरकारांचा हात थांबला.

"मग घोडा का कण्हतो?"

"घोडा नास्तिक आहे, सरकार."