सावडीचा सांगावा

"बाबा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मग मी जाते."

द्वारका मठाच्या पायरीशी उभी होती. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, डोळे लाल.

तुळशीगिरबाबा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं जातेस?"

"कुठंही. जिथं माणसं माणसांसारखी वागतात तिथं."

"असं गाव सापडलं की मलाही कळव. मीही येईन."

द्वारका हसली नाही. बाबांच्या थट्टेला हसायचं नाही, असं ती ठरवूनच आली होती.

तिनं बाबांना गुरू केलं होतं. बाबांनी तिला शिष्य केलं होतं की नाही, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की बाबा म्हणत, "ती माझ्यापेक्षा जास्त काम करते. तिला मी काय शिकवू?"

मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. ती भावाकडे गेली. तिथं एकदा तापानं फणफणली असताना तिनं भावजयीकडे घोटभर गरम पाणी मागितलं. भिंतीपलीकडून तिला ऐकू आलं, "झालं, आता हिचं मागणं सुरू झालं."

ताप उतरला तशी ती निघाली आणि डोंगरातल्या या मठाच्या वाडीत येऊन थांबली. त्या दिवसापासून तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. विस्तवसुद्धा नाही.

वाडीत सगळी अशीच माणसं होती. खाणीत पाय गमावलेला कोंडिबा. एकुलता एक मुलगा गेल्यावर सुनेनं बाहेर काढलेली भागाआजी. कुणाला घरानं टाकलेलं, कुणाला घरच उरलेलं नाही. त्यांनी उतारावर भाताची खाचरं काढली आणि ती सावडीनं लावायला सुरुवात केली. म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात उतरायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही. ज्याचं खाचर, त्यानं दुपारची भाकर घालायची.

रीत एकच. ज्याचं काम, त्यानं स्वतः दारात जाऊन सांगावा द्यायचा. न बोलावता कुणी कुणाच्या खाचरात उतरायचं नाही. तसं उतरणं म्हणजे समोरच्याला कीव दाखवणं, आणि कीव या माणसांनी आयुष्यभर पोटभर खाल्ली होती.

द्वारकेला सगळ्यांचे सांगावे आले. ती सगळीकडे गेली. सर्वांत आधी चिखलात उतरायची, सर्वांत शेवटी बाहेर यायची. दुपारी मात्र आपलं भाकरीचं फडकं सोडून बांधाच्या टोकाला एकटी बसायची. कुणाचा घास नको, कुणाचे उपकार नकोत.

यंदा बाबांनी मठाखालचं खाचर तिला कसायला दिलं. तिच्या जन्मातली पहिली जमीन.

"सगळ्यांच्या चिखलात राबले," ती म्हणाली. "माझ्या खाचराकडं कुणी फिरकलं नाही. एकटीनं किती लावू? रोप पिवळं पडलंय. आज-उद्या लागलं नाही तर गुरांपुढं टाकायचं."

"बोलावलंस?"

"बोलवायला कशाला पाहिजे? त्यांना दिसत नाही का?"

"दिसतं तर. रोज बांधावरून बघतात."

"मग?"

बाबांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी कुणाकडं काही मागत नाही, बाबा. तुम्हाला ठाऊक आहे."

हे ती अशा तोऱ्यात म्हणाली, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या कुळाचा हाच मान.

"बरं," बाबा म्हणाले. "जायचं तर जा. पण सगळ्यांच्या डोक्यावर तुझी सावड आहे. ती तशीच ठेवून गेलीस तर बिचाऱ्यांना झोप लागायची नाही. दारोदार जा आणि सांग, तुमची सावड मी सोडली. मग खुशाल जा."

द्वारकेला हे पटलं. पटलं कसलं, आवडलं. जाता जाता मन मोठं केल्याचं समाधान तरी मिळणार होतं.

पहिलं घर भागाआजीचं. आजी उंबऱ्यात बसली होती. मांडीवर पावसात पांघरायचं इरलं.

"आजी, मी वाडी सोडून चालले. तुमच्याकडची माझी सावड मी सोडली. तुम्ही माझं काही देणं लागत नाही."

आजीनं दोन्ही हात तिच्यापुढं धरले.

"का गं? माझ्या हातास्नी काय झालं?"

"तसं नाही, आजी..."

"मग कसं? सून बी असंच म्हणायची. म्हातारे, तू बस, तुझ्यानं काय व्हायचं न्हाई. बस बस करून तिनं मला दाराभाईर बसवलं. तू बी त्येच सांगाया आलीस व्हय?"

द्वारकेनं मांडीवरच्या इरल्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी हे इरलं घिऊन हितं बसते. म्हनते, आज द्वारका यील. आज तरी सांगावा दील. तू आपली खाली मान घालून म्होरनं जातीस. माझ्या घरची भाकर बी कदी खाल्ली न्हाईस. तू फडकं सोडलंस की माझा घास उतरायचा न्हाई. मला वाटायचं, आमच्या हातचं तुला चालत न्हाई."

द्वारका आजीशेजारी उंबऱ्यात बसली. आपली भाकर कुणाला खुपत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपण कुणाला जड होऊ नये म्हणून जपत राहिलो, आणि या म्हातारीला मात्र पुन्हा एकदा घराबाहेर बसवलं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि आजीची माया दाटून आली.

आता एकच वाक्य म्हणायचं होतं. वाडीतलं कुणीही ते जाता जाता म्हणून जायचं. द्वारकेच्या तोंडून ते फुटेना.

"आजी... उद्या..."

आजी वाट पाहत राहिली. तिनं मदत केली नाही.

"उद्या... माझ्या खाचरात याल?"

"उद्या कशाला? रोप थांबतंय व्हय तुझ्यासाठी?" आजी भिंतीला धरून उठली, इरलं डोक्यावर घेतलं आणि द्वारकेच्या खांद्यावर हात टाकला. "चल. कोंडिबाला बी सांगू. पर सांगायचं तू. मी नुसती संगं येते."

कोंडिबाच्या दारात ते सोपं गेलं नाही. त्याच्या पुढच्या दारातही नाही. प्रत्येक उंबऱ्यावर द्वारका शब्द जुळवत राहायची आणि आजी नुसती शेजारी उभी राहायची. पण आतून दर वेळी "आलो, आलो" असंच ऐकू यायचं, जणू सगळे इरली हातात धरूनच बसले होते.

दुपार झाली तोवर खाचर माणसांनी भरलं. कोंडिबा बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकत होता. तुळशीगिरबाबाही कफनी खोचून चिखलात उतरले होते आणि वेडंवाकडं रोप लावल्याबद्दल आजीच्या शिव्या खात होते.

"बाबा, देवाकडं बघून लावताय का? खाली बघा की जरा!"

द्वारका सगळ्यांच्या मधे होती. उजवीकडे एकाचं कोपर लागत होतं, डावीकडे दुसऱ्याचं. ती रडत होती. ते सगळ्यांनी पाहिलं आणि लावणी चालू ठेवली.

मग जेवणाची वेळ झाली. माणसं पाटाच्या पाण्यात हात धुवायला लागली, आणि द्वारकेला एकदम आठवलं.

आज खाचर तिचं होतं. भाकर तिनं घालायची होती. सकाळी तर ती वाडी सोडून निघाली होती. चुलीपाशी कालची एक भाकर पडलेली, आणि पिठाचा डबा खरवडून ठेवलेला.

ती बांधावर टेकलेल्या बाबांकडे धावली.

"बाबा, घरात पीठ नाही. माझ्या शब्दावर एवढी माणसं आली, उपाशीपोटी राबली, आणि मी... मी आता यांना काय तोंड दाखवू?"

बाबांनी पायाचा चिखल निपटला. हात धुणाऱ्या माणसांकडे एकवार पाहिलं. मग तिच्याकडे.

"मला भूक लागलीय, द्वारके," ते म्हणाले. "लवकर माग."