चिऊचा घास

एका राज्यात सगळी पाखरं एकट्या राजाची होती. पूर्वी ती कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. घरोघरच्या परसात उतरायची, सांडलेली कणी टिपायची, मातीच्या परळातल्या पाण्यात अंघोळ करून निम्मं पाणी उडवायची आणि निघून जायची. पण राजा मयूरकेतू एकदा शेजारच्या राजाकडे पाहुणा गेला. तिथल्या बागेत त्याला आपल्यापेक्षा जास्त किलबिल ऐकू आली आणि त्याच्या पोटात दुखू लागलं. आता राजाच्या पोटात दुखलं की प्रजेनं उपाशी राहावं, असं काही कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. घडतं मात्र तसंच.

राजानं पिंगलाक्ष नावाचा मांत्रिक बोलावला. मांत्रिक खांद्यावर पोतडी टाकून तीन दिवस गावोगाव हिंडला, परसापरसातून काहीतरी वेचत राहिला. चौथ्या दिवशी त्यानं राजबागेत सोन्याची परात मांडली, तीत दाणे ओतले आणि मंत्र म्हटला. राज्यातलं पाखरून पाखरू उठलं आणि राजबागेत गेलं. गेलं ते परत आलं नाही. बागेत त्यांना घरटं बांधता येईना की भिंतीपलीकडे उडता येईना. राजा बागेत पाट मांडून जेवायचा, किलबिल ऐकायचा आणि मान डोलवायचा. इकडे चार दिवसांत शेतात अळ्यांचं राज्य झालं, पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. त्याचं राजाला काय?

त्या राज्यात भिवरा नावाची बाई होती. सुपं-टोपल्या विणून पोट भरायची. नवरा परमुलखात गेलेला, घरात अडीच वर्षांची बकुळी. राज्यातल्या साऱ्या आयांप्रमाणे भिवरा लेकीला परसात बसवून भरवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास राघूचा. कुंपणावरच्या चिमणीकडे बोट दाखवायचं, पोरीनं तोंड उघडायचं, घास आत.

आता कुंपण रिकामं होतं. भिवरा म्हणाली, “हा घास चिऊचा.” बकुळीनं कुंपणाकडे पाहिलं, “चिऊ कुठंय?” म्हणाली आणि तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

पहिल्या दिवशी भिवराला वाटलं, हट्ट असेल. तिसऱ्या दिवशी तिला रडू आलं. शेजारच्या घरांतही तेच चाललं होतं, गावातलं एकही पोर जेवत नव्हतं. पाचव्या दिवशी बकुळीला बसवलं तरी ती कलंडू लागली. तेव्हा भिवराचं रडू आटलं आणि तिला राग आला, साधासुधा नव्हे, डोक्यापासून टाचेपर्यंत. तिनं परस झाडलं. बोरीच्या आडोशाला, मांजराची उडी पोचणार नाही अशा जागी परळ ठेवला, लहान पाखरांना पाय टेकता यावा म्हणून पाण्यात दगड ठेवला, कणी पसरली. दुपारपर्यंत एक पाखरू फिरकलं नाही.

दुपारी एक म्हातारी साळुंकी दगडावर येऊन बसली. ती परराज्यातून वाट चुकून आली होती, म्हणून मंत्रात सापडली नव्हती. ती पाणी प्यायली आणि माणसासारखी बोलली.

“बाई, दाणे टाकून उपयोग नाही. मंत्र सोन्याच्या परातीतही नाही. तो पोतडीत आहे.”

“पोतडीत काय आहे?”

“तुम्हा आयांचे शब्द. चिऊचा घास म्हणालात आणि लेकराच्या तोंडात घातलात. शब्द दिला आणि पाळला नाही की तो पोकळ होऊन परसात पडून राहतो. मांत्रिकानं ते वेचले, त्यांचा दोर वळला आणि त्या दोरानं पाखरांचे पाय बांधले.”

भिवराच्या अंगाचा तिळपापड झाला. “आई लेकराशी लाडानं बोलते, त्याचाही दोर वळतात?”

“तुझ्यासाठी तो लाड. चिमणी समोर बसून वाट बघत होती, तिच्यासाठी ते वचन.”

भिवराची नजर रिकाम्या कुंपणाकडे गेली. कारण चिमणी खरोखरच समोर बसलेली असायची, रोज.

साळुंकी म्हणाली, “दोराला तीन गाठी आहेत. चिऊची, काऊची, राघूची. ज्याचा घास त्याला दे, गाठ सुटेल. पण घास लेकराच्या वाटणीचाच हवा. दुसरा चालत नाही.”

भिवरानं मडक्यात हात घातला. अळ्यांनी पीक खाल्लेलं, मडक्यात मूठभर तांदूळ होते. त्यांचा मऊ भात शिजवला, तो मोजून तीन घास झाला. तो फडक्यात बांधला, बकुळीला कडेवर घेतलं आणि ती राजबागेच्या दारात गेली.

पहारेकरी म्हणाला, “बाहेरचं अन्न आत नेता येत नाही.”

“बाहेरची पाखरं आत आणता येतात,” भिवरा म्हणाली, “आणि त्यांचं अन्न नाही?”

आत राजा पाटावर बसला होता. समोर साखरभाताचं ताट होतं, शेजारी पिंगलाक्ष उभा होता. राजानं गंमत म्हणून तिला आत बोलावलं. दुसऱ्याच्या जिवावर आलेली वेळ राजेलोकांना गंमतच वाटते.

“काय हवं बाई?”

“महाराज, तीन पाखरांना घास द्यायचे आहेत.”

पिंगलाक्ष हसला. “दे. पण तीनपैकी एकानं जरी नाकारला, तरी तू जन्मभर इथली बाग झाडशील आणि तुझी लेकही.”

“कबूल,” भिवरा म्हणाली.

हिरवळीवर चिमणी फुगून बसली होती. भिवरानं पहिला घास हातात घेतला. “हा घास चिऊचा.”

“माझ्या आजीच्या आजीलाही हेच सांगितलं होतं,” चिमणी म्हणाली.

त्याच वेळी बकुळीला चिमणी दिसली. पाच दिवसांनी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आ करून आईच्या हाताकडे पाहू लागली. भिवराचा हात अर्ध्यावर थांबला. सुकलेले ओठ, आतले इवलेसे दात, सगळं तिला दिसत होतं. आत्ता हा घास पोरीला भरवला तर पोरगी जेवेल. पण गाठ सुटणार नाही, उद्या कुंपण पुन्हा रिकामं, आणि गावभरची पोरं तशीच मिटल्या तोंडानं. भिवरानं लेकीवरून नजर काढली आणि घास चिमणीसमोर ठेवला. चिमणीनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शितं टिपू लागली. पोतडीतल्या दोराची एक गाठ सुटली.

कावळा परातीच्या काठावर बसला होता. “मी तुम्हाला माणूस मेल्यावर आठवतो. पिंडाला शिवायला तेवढे हात जोडता, एरवी खडे मारता. बोल, काय मागणं आहे?”

मागणं भिवराच्या जिभेवर होतं. कडेवर लेक आ करून बसली होती, मागणं नसेल कसं? तिनं ते गिळलं. “आज कुणी मेलेलं नाही. मागणंही काही नाही. हा घास काऊचा, जेव.”

कावळ्यानं मान वाकडी केली, मागणं येतंय का याची वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा तो जेवला. दुसरी गाठ सुटली. पिंगलाक्षानं पोतडी घट्ट धरली.

राघू पेरूच्या फांदीवर होता. “गोड बोलून भरवशील आणि पिंजऱ्याचं दार लावशील. तुमची रीत मला ठाऊक आहे.”

भिवराची मान खाली गेली. “खरं आहे. मी स्वतः पिंजरे विणून बाजारात विकले आहेत. इतके दिवस मला त्याचं काही वाटलं नाही, आज वाटतं. पुन्हा विणणार नाही. हा घास राघूचा. खा आणि हवं तिकडे जा.”

राघूनं शेवटचा घास उचलला. तिसरी गाठ सुटली आणि दोर तुटला. सगळी पाखरं एकदम उठली, बागेवर क्षणभर सावली पडली आणि आपापल्या परसांच्या दिशेनं पांगली. सोन्याची परात मातीची झाली. पोतडी फाटली, त्यातले पोकळ शब्द पिंगलाक्षाच्या घशात शिरले. तेव्हापासून तो बोलतो, पण कुणालाच काही ऐकू येत नाही.

बाग शांत झाली. फडकं रिकामं होतं. बकुळी अजून आ करूनच होती.

भिवरा तडक राजाच्या ताटाशी गेली, खाली बसली आणि लेकीला मांडीवर घेतलं. साखरभाताचा मऊ घास केला, राजाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “हा घास राजाचा.”

राजानं नकळत मान पुढे केली. घास बकुळीच्या तोंडात गेला.

“अगं, पण राजाचा म्हणालीस ना?” राजा म्हणाला.

“म्हणाले.”

“मग मला कुठं दिलास?”

भिवरानं दुसरा घास केला. “हाही राजाचा,” म्हणाली आणि तोही लेकीला भरवला.

राजा आपल्याच ताटासमोर उपाशी बसून पाहत राहिला. चिमणीच्या जागी बसल्यावर कसं वाटतं, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. जरा वेळानं त्यानं ताट उचललं आणि तिच्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बागेची भिंत पाडली आणि राजकोठारातलं धान्य अळ्यांनी उजाडलेल्या गावांना वाटलं. पाखरांनी अळ्या वेचल्या, शेतं पुन्हा हिरवी झाली, पोरं जेवू लागली.

त्या राज्यात आया अजूनही तशाच भरवतात. चिऊचा घास म्हणाल्या की आधी तो कुंपणावर ठेवतात, मग पुढचा लेकराला देतात. राजाचा घास म्हणाल्या की तो मात्र थेट लेकराच्या तोंडात घालतात, आणि राजानं त्याबद्दल आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.