टुमकीची लंगडी

कोंबडे दात घासून मगच आरवायचे, तेव्हाची ही गोष्ट.

टुमकी नावाच्या कोंबडीचा एक पाय मुंगसाने नेला. चार दिवस ती रडली. पाचव्या दिवशी उठली, पडली, पुन्हा उठली आणि टुणटुण लंगडी घालत अंगणभर हिंडू लागली. पुढे पुढे तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीवरही लंगडी घालायची. तरी शेंदूरराव कोंबडा रोज मान वाकडी करून म्हणायचा, "अरेरे टुमकीताई, कसं व्हायचं हो तुमचं?"

एके सकाळी शेताचा पाट फुटला आणि अंगणात पाणीच पाणी झालं. सात पिल्लं कडब्याच्या गंजीवर अडकली आणि गंजी खालून सुटू लागली. गंजीपासून गोठ्यापर्यंत कुंपणाचे खुंट तेवढे पाण्याबाहेर होते, तेही जेमतेम एक पाय मावेल एवढे. शेंदूररावांनी लगेच गोठ्याच्या छपरावर सभा भरवली.

टुमकी मात्र खुंटांवरून टुणटुणत गंजीवर पोचली.

"मावशी, आम्ही बुडणार!" पिल्लं रडू लागली.

"बुडताय कसले? लंगडी खेळायचीय! दुसरा पाय टेकेल तो बाद!"

पिल्लं रडणं विसरली. पुढे टुमकी, मागे सात पिल्लं, टुणटुण टुणटुण, खिदळत थेट गोठ्यात! मागे गंजी वाहून गेली. सभा अजून चालूच होती.

आता त्या अंगणात सगळेच लंगडी घालतात. शेंदूरराव रोज शेणात पडतात. आणि कोणी दोन पायांवर चालताना दिसलं, की पिल्लं मान वाकडी करून म्हणतात, "अरेरे, कसं व्हायचं हो तुमचं?"