दुर्बीण आणि लोखंडी माशी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नाव आज कुणालाच आठवत नाही, आणि आठवून काही मिळणारही नाही. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जास्त नीट ऐका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं. गावाला पाणी एकच, खाली दरीतला झरा. उजाडलं की बायका हंडे घेऊन रांगेनं दरीत उतरायच्या. आणि त्याच दरीत एक वाघीण राहायची. दोन वर्षांत तिनं गावातल्या तीन बायका नेल्या होत्या. पण तहान काही थांबत नाही, म्हणून बायकाही थांबल्या नव्हत्या.

गावाकडे बंदूकही एकच होती. ती चावडीत, पाच म्हाताऱ्या पंचांच्या कुलुपात असायची. राखणीला एक तरुण बाई नेमलेली होती. रोज पहाटे पंच तिच्या हातात बंदूक आणि एक काडतूस द्यायचे. ती झऱ्यावरच्या खडकावर बसायची. बायका सुखरूप वर आल्या, की बंदूक आणि न उडालेलं काडतूस चावडीत परत करायचं, अशी रीत होती. रीत कुणी पाडली, कशासाठी पाडली, हे पंचांनाही माहीत नव्हतं. ती मोडायची नाही, एवढं मात्र माहीत होतं.

एके वर्षी पंचांनी गावाच्या चाळीस बकऱ्या विकल्या आणि दूरच्या शहरातून एक दुर्बीण आणून बंदुकीवर बसवली. वस्तू खरोखर चांगली होती, त्यात वाद नाही. डोळा लावला की झऱ्यावरच्या दगडाचं शेवाळ दिसायचं. पहिल्याच आठवड्यात राखणदारणीनं शंभर पावलांवरून वाघिणीचा कान फोडला. वाघीण पळाली आणि उन्हाळाभर फिरकली नाही.

मग थोरल्या पंचाला हुक्की आली. त्यानं दुर्बिणीला डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली.

“खाली हा काळा डाग कसला गं?”

“डाग नाही आबा, माशी आहे,” राखणदारीण म्हणाली. बंदुकीच्या नळीच्या टोकावर जोंधळ्याएवढा लोखंडी उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेतून माशी बघायची आणि माशीवर सावज धरायचं. दुर्बीण नव्हती तेव्हा सगळं जग असाच नेम धरायचं.

“चाळीस बकऱ्यांच्या काचेत डाग? काढून टाका तो.”

“आबा, राहू द्या. कधी लागली तर...”

“कशाला लागेल? दिवा असताना चकमक कोण झाडतं?”

बाकीचे चार पंच हसले. थोरला बोलला की हसायचं, हीही रीतच होती. दुपारी कानशीने माशी घासून सपाट केली, खाच उखडली, आणि दुर्बिणीच्या पितळी नळीला गंध लावलं.

थंडी आली. दरी धुक्यानं भरली. एका सकाळी बायका झऱ्यावर वाकल्या होत्या आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून वाघीण बाहेर आली. राखणदारणीनं दुर्बिणीला डोळा लावला. समोर नुसतं दूध. गार काचेवर तिचाच श्वास गोठला होता. तिनं पदरानं पुसलं, काच पुन्हा धुरकटली. डोळा बाजूला केला की वाघीण स्पष्ट दिसायची. काचेला डोळा लावला की काही नाही. आणि काच सोडून नेम धरायला नळीवर उरलं होतं काय? काही नाही. तिनं अंदाजानं गोळी झाडली. गोळी पाण्यात गेली. वाघिणीनं पाण्यावर आलेलं एक वासरू उचललं आणि ती निवांत निघून गेली.

राखणदारीण तशीच धावत चावडीवर गेली.

“मला माशी परत बसवून द्या. साधी चालेल, पण हवी. आजच हवी.”

“म्हणजे दुर्बिणीला सवत आणतेस होय?” एक पंच म्हणाला आणि चौघं हसले.

“काच फुटणार असं धरूनच चाललीस? अभद्र तोंड!” दुसरा म्हणाला.

“फुटणार म्हणत नाही मी, धुरकटते म्हणते. आज वासरू गेलं. उद्या वासराच्या जागी कोण असेल, ते सांगा.”

तिसऱ्या पंचाला आपली अक्कल दाखवायची संधी मिळाली. तो आयुष्यात एकदा राजधानीला जाऊन आला होता. “घ्यायचीच तर राजधानीतली घ्या. कळ दाबली की उभी राहते, नको तेव्हा दुमडते. वर हस्तिदंताचं काम. वीस बकऱ्या पडतील.”

“यायला किती दिवस?” राखणदारणीनं विचारलं.

“पुढच्या दिवाळीपर्यंत येईल.”

“आणि तोवर?”

“तोवर बायकांनी जरा जपून पाणी भरावं.”

मित्रहो, हे वाक्य त्या पंचाच्या तोंडून निघालं तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा गार तांब्या होता. पाणी कुणी भरलं होतं, हे विचारू नका.

वीस बकऱ्यांचं नाव निघताच थोरला दचकला. चार दिवसांनी जत्रा भरली. तिथल्या फेरीवाल्याकडून त्यानं कथलाची एक चकचकीत माशी आणि खाच एका कोंबडीच्या बदल्यात आणली आणि खिळ्यानं ठोकून दिली. “घे. वीस बकऱ्यांचं काम एका कोंबडीत केलं. याला म्हणतात अनुभव!”

राखणदारणीनं त्या दिवशी बायका वर चढून गेल्यावर एका खडूच्या खुणेवर गोळी झाडली. गोळी खुणेपासून हातभर लांब लागली. तिनं माशीला बोट लावलं, तर ती दुधाच्या दातासारखी हलत होती. एकाच धक्क्यात सैल झाली होती.

संध्याकाळी पंचांनी आधी काडतूस मागितलं.

“उडवलं,” ती म्हणाली.

“वाघीण आली होती?”

“नाही.”

“मग?”

“नेम बघायला उडवलं.”

“नेम वाघीण आली की बघायचा!” थोरला कडाडला. “आमच्या काळी कुणी दगडांवर काडतुसं उधळली नाहीत.”

“तुमच्या पंचकीत तीन बायका गेल्या, आबा.”

मग पाचही जण एकदम तिच्या अंगावर ओरडले. ज्यांच्याकडे उत्तर नसतं त्यांच्याकडे आवाज भरपूर असतो.

गावाच्या कडेला एक लोहारीण राहायची. नवरा गेल्यावर भाता तिनंच चालवला होता. दुसऱ्या दिवशी राखण संपल्यावर राखणदारीण बंदूक घेऊनच तिच्याकडे गेली. लोहारणीनं कथलाची माशी दोन बोटांत धरली, वाकवली आणि पाण्याच्या डोणीत फेकली.

“ही कुणी आणली? थोरल्यानं? तरीच. बोल, तुला काय पाहिजे?”

“मावशी, महागडी नको. चकचकीत नको. हलणार नाही अशी दे.”

“दुर्बीण काढायची का?”

“नाही गं. काच चांगली आहे. लख्ख उन्हात तिच्यासारखं काही नाही. माझं भांडण काचेशी नाही.”

लोहारणीनं बंदूक फिरवून फिरवून पाहिली. “मग वर जागा नाही. माशी आणि खाच, दोन्ही उजव्या अंगाला तिरक्या बसवते. बंदूक डावीकडे एवढी कलती केलीस, की काच बाजूला होईल आणि माशी वर येईल. काढणं नाही, घालणं नाही. जमेल?”

“जमवीन. काय देऊ?”

“दोन पाट्या कोळसा आण. लोखंड मोडक्या फाळाचं आहे. पण एक ऐक. मी फक्त घडवून देईन, नेम तुझा तुलाच बसवावा लागेल. माशी मुद्दाम उंच ठेवते. गोळ्या खाली लागतील. मग माशी कानशीने थोडी थोडी घास. घासलेलं लोखंड परत येत नाही, तेव्हा हात आवर.”

“काडतुसं कोण देणार?”

“ते तू बघ. नेम न बसवता ही घेऊन जाणार असशील तर त्यापेक्षा कथलाची बरी. ती निदान चकाकते तरी.”

राखणदारणीनं बघितलं. त्या दिवसापासून बायका वर चढून गेल्या, की ती शंभर पावलांवरच्या कड्याला एक गोवरी चिकटवायची आणि दिवसाचं काडतूस तिच्यावर झाडायची. रोज एकच गोळी. संध्याकाळी चावडीत शिव्या खायच्या आणि पहाटे नवं काडतूस घ्यायचं. पहिल्या दिवशी गोळी दोन हात खाली लागली. तिनं माशी घासली. दुसऱ्या दिवशी हातभर खाली. पुन्हा घासली. चौथ्या दिवशी उंची जमली, पण गोळी डावीकडे गेली. तिनं खाच केसभर उजवीकडे सरकवली. रात्री तिला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की खाच, माशी आणि जाळीतून बाहेर येणारं पिवळं काहीतरी दिसायचं. स्वयंपाक करताना फुंकणी हातात आली तरी मनगट आपोआप डावीकडे कलायचं. सातव्या दिवशी गोवरीचे दोन तुकडे झाले. आठव्या दिवशीही झाले.

आणि आठव्याच दिवशी पंच बसले.

“आठ काडतुसं!” थोरला म्हणाला. “आणि चाळीस बकऱ्यांच्या दुर्बिणीशेजारी मोडका फाळ! पाहुणे आले तर काय तोंड दाखवायचं?”

“पाहुणे पाणी पितात का, आबा?”

“बघा, बघा हिची जीभ! उद्यापासून तू हंडा घे. राखण मी करतो. तो फाळाचा तुकडा परवा लोहारणीकडूनच काढून घेऊ.”

“आबा, निदान एकदा ती माशी धरून बघा. बंदूक डावीकडे कलती करायची आणि...”

“तू मला शिकवणार? तुझ्या बापाला बंदूक धरायला मी शिकवलं!”

हे खरं होतं. तिच्या बापाला त्यानंच शिकवलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत तो स्वतः काही शिकला नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते. थोरला पंच घोंगडी पांघरून खडकावर बसला. खाली बायकांची रांग उतरली. राखणदारीण रांगेत पहिली होती, डोक्यावर हंडा आणि नजर खडकाकडे. सगळ्यात शेवटी थोरल्याची सून होती.

परतताना रांग खडकाखाली आली. धुकं जरा वर सरकलं होतं. झऱ्याशी सून तेवढी मागे राहिली होती. जाळी हलली. वाघीण आली, ती थेट तिच्याच अंगावर.

“आबा! मारा!” राखणदारीण ओरडली.

थोरल्यानं दुर्बिणीला डोळा लावला. “दिसत नाही!” त्यानं काच पुसली. “दिसत नाही गं, दिसत नाही!” पुन्हा पुसली. आठ दिवस नेम बसवलेली माशी काचेपासून दोन बोटं बाजूलाच होती. ती तिथे आहे हे त्याला माहीत होतं. पण हाताला माहीत नव्हतं, आणि हाताला जे माहीत नसतं ते अशा वेळी डोक्यातही राहत नाही.

राखणदारणीनं हंडा टाकला. चार उड्यांत ती खडकावर चढली. तिनं बंदूक हिसकावली. थोरला बाजूला पडला. मनगट डावीकडे कललं, खाचेत माशी आली, माशीवर पिवळी कूस आली. वाघिणीचे दात सुनेच्या खांद्यात रुतले होते. गोळी सुटली.

वाघीण जागच्या जागी कोसळली.

सून वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही.

आता गोष्ट इथे संपायला हवी, नाही का? म्हाताऱ्यांनी चुकलो म्हणायला हवं. पण ते पंच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुर्बिणीला हार घातला. थोरला गावजेवणात सांगू लागला, “काचेतून नेम अचूक धरला होता मी, पोरगी उगाच मध्ये आली.” आणि बंदूक पुन्हा कुलुपात गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडलं आणि बायका दरीत उतरल्याच नाहीत. त्या चावडीपुढे आल्या आणि रिकामे हंडे पंचांसमोर मांडले. पुढे थोरल्याची सून होती, हात गळ्यात बांधलेला. सासऱ्यापुढे ती आजवर मान वर करून बोलली नव्हती.

“मामंजी, वाघिणीच्या तोंडात मी होते. तुम्ही काच पुसत होता, ते मी पाहिलं. दरीत अजून वाघ येतील. बंदूक आणि काडतुसं राखणदारणीच्या घरी राहतील. नेम बसवायला तिला लागतील तेवढी ती उडवील. नाहीतर हे हंडे घ्या आणि तुम्ही पाचजण उतरा पाण्याला. जरा जपून भरा.”

पंचांनी अब्रूच्या गोष्टी सांगितल्या, पूर्वजांच्या शपथा घातल्या. दुपारपर्यंत ऊन चढलं आणि घसे कोरडे पडले. तेव्हा चौथा पंच, जो आयुष्यात कधी स्वतःहून बोलला नव्हता, तो म्हणाला, “आबा, किल्ली द्या.”

थोरल्यानं किल्ली दिली. त्यानंतर त्याला कुणी पंच म्हणून बोलावलं नाही, आणि त्या झऱ्यावरून पुन्हा एकही बाई वाघानं नेली नाही.

तात्पर्य: अडीअडचणीसाठी ठेवलेलं दुसरं साधन साधं आणि स्वस्त चालेल, पण ते आधी अजमावलेलं आणि हातात रुळलेलं हवं, नाहीतर ते आणि कुणाचं न ऐकणारा वडीलधारा, ऐन वेळी दोघांचा उपयोग सारखाच.