सहीआधी पाणी

मिरच्या खुडता खुडता यमुनाबाईंना निरोप आला: शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, सरपंचांच्या मेहुण्याच्या बिलावर सही करायला या. पालकांच्या समितीच्या त्या अध्यक्ष. शाळेतल्या गढूळ पाण्याने त्यांची लेक काविळीने अंथरुणाला खिळली होती.

शाळेत सरपंच खुर्चीत रेलले होते. "बाई, हिशेब तुम्हाला कळायचा नाही. सही करा आणि चुलीकडे बघा."

"करते की. पण पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत." यमुनाबाईंनी तांब्या पुढे ठेवला.

सरपंचांनी तो उचलला. "हा तर रिकामा आहे."

"नव्या यंत्रातून आलं तेवढं भरलंय, दादा. तुमची तहान भागली की सही करते."

सरपंच उठून गेले.

सही राहिली. यंत्रही अजून बसायचं राहिलंय.